गोगलगाय बरोबर, खोका चुकीचा

मी खोके बनवतो. पुठ्ठ्याचे. तुमच्या घरी मिक्सर आला, पंखा आला, की जी वस्तू तुम्ही सगळ्यात आधी फाडता आणि नंतर भंगारवाल्याला देऊन टाकता, ते माझं आयुष्यभराचं काम.

या अंकाच्या संपादकांनी 'तुमच्या उद्योजकीय वाटचालीबद्दल लिहा' असं सांगितलं, तेव्हा मी दोन दिवस कोरा कागद पुढ्यात घेऊन बसलो. वाटचाल अशी काही सापडेचना. वसई पूर्वेला सातिवलीत एक गाळा घेतला. मग शेजारचा घेतला. मग मधली भिंत पाडली. झाली वाटचाल. भिंत पाडताना वायरमन पडला होता, पण त्याला काही लागलं नाही, त्यामुळे त्यातही नाट्य नाही. तेव्हा मी त्याऐवजी गोगलगायींबद्दल लिहितो. खोक्यांनी मला पोट भरायला दिलं, पण माझी फजिती आणि माझा आनंद, हे दोन्ही आलं ते गोगलगायींकडून.

आधी खोका म्हणजे काय ते सांगतो, कारण लोकांना वाटतं की पुठ्ठा झाडाला लागतो. तीन कागद असतात. वरचा सपाट, खालचा सपाट आणि मधला नागमोडी. सगळी ताकद त्या मधल्या नागमोडी कागदात असते, आणि तोच कुणाला दिसत नाही. तिघांना एकमेकांना चिकटवायला मक्याच्या पिठाची खळ लागते. आम्ही ती रोज सकाळी शिजवतो. म्हणजे माणसाच्या दृष्टीने तो खोका असतो. गोगलगायीच्या दृष्टीने ती पुरणपोळी असते.

हे मला गाळा घेतल्यानंतर तिसऱ्या वर्षी, ऐन पावसाळ्यात कळलं. पंख्यांच्या खोक्यांचा तयार माल मागच्या भिंतीशी लावून ठेवला होता. रोज सकाळी खालच्या थरातल्या खोक्यांचे कोपरे कुरतडलेले. आमचा मशीनवरचा मुख्य माणूस रामदुलार. हा जौनपूरचा, राहायला नालासोपाऱ्याला, आणि पहिल्या दिवसापासून माझ्याकडे. तो म्हणाला, "सेठ, चूहा है." पिंजरा लावला. पिंजऱ्यात आमच्याच डब्याची पिशवी अडकली, उंदीर नाही. मग औषध ठेवलं. तेही कुणी खाल्लं नाही, कोपरे मात्र खाल्ले.

शेवटी एके दिवशी मी सकाळी सहालाच गाळा उघडला. मशीन बंद, सगळीकडे शांत. आणि मागच्या भिंतीकडून कर्र कर्र असा अगदी बारीक आवाज येत होता, कुणीतरी सँडपेपरने टेबल घासावं तसा. मी वाकून बघितलं. मुठीएवढी एक गोगलगाय माझ्या खोक्यावर बसून माझा खोका खात होती. घाई नाही, भीती नाही. एक घास झाला की शिंगं जराशी आत घ्यायची, विचार करायची, मग पुढचा घास. माझा माल इतक्या आस्थेने आजवर कुणीच हाताळला नव्हता. गिऱ्हाईक तर नाहीच.

मी तिला मारायला चप्पल काढली होती. ती हातात तशीच राहिली. अर्ध्या तासाने रामदुलार आला तेव्हा मी जमिनीवर मांडी घालून बसलो होतो.

"क्या हुआ सेठ? गिर गए?"

"चूहा नहीं है," मी म्हणालो. "बैठ. आवाज सुन."

त्या दिवसापासून कारखान्यात माझं नाव 'घोंघा सेठ', म्हणजे गोगलगायवाला शेठ, पडलं. माझ्यासमोर कुणी म्हणत नाही, पण डिलिव्हरीच्या टेम्पोवाल्यांनासुद्धा पत्ता याच नावाने सापडतो.

ही कोण, कुठली, हे विचारायला कुणीतरी मला भुईगावच्या फिलोमिना मॅडमचं नाव सांगितलं. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून त्या निवृत्त झालेल्या. मी एका छोट्या खोक्यात गोगलगाय घालून, वर भोकं पाडून त्यांच्या वाडीवर गेलो. त्यांचे यजमान इनासकाका वांग्यांना पाणी सोडत होते. त्यांनी खोक्यात डोकावलं आणि ओरडले, "अरे बाबा, ही बाहेरून आणलीस? माझ्या वाडीत कमी आहेत? मी रोज बादलीभर मीठ घालून मारतो, आणि तू खोक्यातून नवीन आणून सोडतोस?"

मॅडमनी ती हातात घेतली, उलटीसुलटी केली. ही आफ्रिकेची, इथे येऊन पसरलेली आणि शेतीची नासाडी करणारी, असं सांगितलं. मग त्यांनी मला वाडीच्या विहिरीपाशी नेलं आणि दगडाच्या फटीतल्या दाण्याएवढ्या गोगलगायी दाखवल्या. ज्वारीच्या दाण्याएवढ्या, आणि प्रत्येकीच्या पाठीवर सगळं नक्षीकाम पूर्ण. मी गुडघ्यावर बसलो. पँट खराब झाली.

"तुमचा धंदा काय?" मॅडमनी विचारलं.

"खोके."

"छान," त्या म्हणाल्या. "आयर्लंडमध्ये दीडशे वर्षांपूर्वी अशी माणसं पुष्कळ होती. आठवडाभर दुकानात कापड विकायचं, दारू विकायची, आणि रविवारी डबकी धुंडाळायची. गोगलगायी, शेवाळ, कोळी, काय वाटेल ते. त्यातल्या कित्येकांनी प्राध्यापकांपेक्षा चांगलं काम केलं. धंद्याचं कुणाच्या लक्षातही नाही आता."

"आणि त्यांच्या घरचे काय म्हणायचे?"

"ते पुस्तकात नाही," मॅडम म्हणाल्या.

माझ्या घरचे काय म्हणतात ते मात्र मी इथे लिहू शकतो. माझी पत्नी सुलभा खाडीकाठच्या भातशेतीवाल्या घरातली. एरवी ती वर्तमानपत्रासारखं मराठी बोलते, पण चिडली की माहेरची बोली बाहेर येते. मी कुठूनही रिकामे शंख गोळा करायचो, ते घरी आणून धुवायचो, आणि स्वतः बनवलेल्या कप्प्याकप्प्यांच्या खोक्यांत चिठ्ठी लावून ठेवायचो. तिथपर्यंत तिची हरकत नव्हती. पण एकदा वाटेत मेलेल्या तीन-चार मिळाल्या. आतला भाग काढण्यासाठी उकळाव्या लागतात, असं मॅडम म्हणाल्या होत्या. सुलभा देवळात गेलेली बघून मी हाताला लागलं ते पातेलं गॅसवर चढवलं. तो श्रावणी सोमवार होता, ही गोष्ट माझ्या ध्यानात राहिली नाही. ती दारातून आत आली आणि वासानेच थांबली.

"काय शिजतंय?"

"काही नाही. अभ्यास."

तिने झाकण उचललं. आत बघून ते तसंच परत ठेवलं. त्यानंतर शांतपणे सुरू झाली.

"माज्या पातेल्यात? श्रावनात? आता हे पानी कोन पिनार? तुमीच प्या."

ते पातेलं कारखान्यात गेलं. त्यातच आता रामदुलार खळ ढवळायचा दांडा धुतो. घरात मला उकळण्याची कायमची बंदी झाली. अंड्यांचीही.

अशी बारा-तेरा वर्षं गेली. माझ्याकडे तीनशेच्या आसपास कप्पे झाले. मी स्वतःला जाणकार समजायला लागलो. लग्नात जेवायला बसलो तरी शेजारच्याला गोगलगायीला दात किती असतात ते सांगायचो. लोक भात न घेता उठायचे. आता मागे वळून बघताना वाटतं की माणूस जाणकार होतो तेव्हाच त्याचे डोळे थोडे जड होतात. पण ते नंतर.

मग गेल्या वर्षी ती ऑर्डर आली.

मुंबईची एक सौंदर्यप्रसाधनांची नवी कंपनी. चेहऱ्याला लावायचं क्रीम. त्यांचा माल वसईतच भरला जाणार होता आणि त्याला बाहेरचे मोठे खोके माझ्याकडून हवे होते. त्यांच्याकडून गुणवत्ता तपासायला जे गृहस्थ यायचे, त्यांचं नाव अभ्यंकर. पन्नाशीचे, सडपातळ, खिशात पेनाच्या जागी व्हर्नियर कॅलिपर. पुठ्ठ्याची जाडी मोजायचं ते हत्यार. त्यांनी एकदा माझ्या कॅंटीनच्या बिस्किटाची जाडी मोजून 'एका बाजूने कमी आहे' असं सांगितलं होतं.

"अभ्यंकर साहेब, क्रीममध्ये असतं काय?" मी सहज विचारलं.

ते जरा अवघडले. "गोगलगायीचा स्राव," ते म्हणाले. "परदेशातून येतो. गोगलगायी पाळतात तिकडे. त्याने म्हणे कातडी तुकतुकीत होते. मला विचारू नका. मी फक्त खोका बघतो."

मी खुर्चीतून उठलो. इतक्या वर्षांत माझे दोन संसार एकमेकांना कधी भेटले नव्हते. मी त्यांना चहा पाजला, गोगलगाय चालते कशी, तो स्राव नक्की कुठून येतो, सगळं सांगितलं. अभ्यंकरांनी चहा अर्धा ठेवला.

घरी येऊन सुलभाला सांगितलं. मला वाटलं ती नाक मुरडेल. ती म्हणाली, "तसलं क्रीम? माझ्या बहिणीकडे आहे. आपल्याकडेही आण म्हणणारच होते."

"अगं, घरात तीनशे गोगलगायी आहेत."

"त्या मेलेल्या आहेत," ती म्हणाली. "आणि ते क्रीम कोरियाचं आहे."

पातेल्याचा विषय मी काढला नाही. इतक्या वर्षांच्या संसारात तेवढं शहाणपण आलेलं आहे.

तर, ऑर्डर मोठी होती. आमचं जवळजवळ निम्मं काम त्या एका कंपनीचं होणार होतं. दिवाळीच्या आधी माल बाजारात जायचा, म्हणून भाद्रपदात खोके हवे होते. खोक्यावर कंपनीचं नाव, खाली 'दोन आठवड्यांत फरक जाणवेल' अशी ओळ, आणि मधोमध एक सुंदर गोगलगाय. रेषांची, पण जिवंत. शिंगं पुढे काढून निघालेली, पाठीवर शंख, शंखावर एक गडद पट्टा.

आता छपाईबद्दल थोडं. खोक्यावर छापायला रबराचा ठसा करतात, त्याला आमच्यात स्टीरिओ म्हणतात. ठशावर सगळं आरशातल्यासारखं उलटं असतं, म्हणजे कागदावर सुलटं उमटतं. ठसा बनून आला तेव्हा मी तो डोळ्यांजवळ धरून बघितला. अक्षरं उलटी, ठीक. गोगलगाय सुरेख. मी पसंतीची सही केली. छपाईच्या दिवशी पहिला खोका मशीनमधून बाहेर आला. अक्षरं सुलटी झाली होती. आणि गोगलगाय उलटी झाली होती.

उलटी म्हणजे कशी ते सांगतो. गोगलगायीचा शंख टोक वर करून धरायचा, तोंड आपल्याकडे करायचं. तोंड उजव्या हाताला आलं तर ती उजवी. जगातल्या बहुतेक गोगलगायी उजव्या. ज्या परदेशी गोगलगायीचं क्रीम असतं तीही उजवी. माझ्या तीनशे कप्प्यांत सगळ्या उजव्या. आणि या खोक्यावरची ठार डावी. मला वाटलं, कुणा चित्रकाराने कंप्युटरवर चित्र फिरवताना आडवं पलटवून टाकलं असणार. मी फोन लावला.

"अभ्यंकर साहेब, गोगलगाय उलटी आहे."

"उलटी म्हणजे? पाठीवर पडलीय?"

"नाही, उभीच आहे. शंख उलटा आहे."

"शंख पाठीवरच आहे ना?"

"आहे. पण वळण डावीकडे आहे."

"कुणाच्या डावीकडे?"

प्रश्न रास्त होता. मी पाच मिनिटं समजावलं. शेवटी ते म्हणाले, "म्हात्रे साहेब, आर्टवर्क मंजूर आहे. तुमची सही आहे. आहे तसं छापा. कृपा करून हात लावू नका."

आमच्या धंद्यात एकच पाप मोठं. माल उशिरा गेला तर माफी असते, पुठ्ठा थोडा पातळ झाला तर माफी असते. पण गिऱ्हाइकाच्या चित्राला न विचारता हात लावायचा नाही. हे मी नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतो. आणि त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडला, दोन घास खाल्ले, आणि मला दिसायला लागलं की देशभर दुकानादुकानांत ही उलटी गोगलगाय जाणार, आणि खोक्याच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेलं असणार की खोका म्हात्र्यांनी बनवला.

मी ठसेवाल्याला फोन केला आणि नुसत्या गोगलगायीचा तुकडा नवीन मागवला. सुलट करून.

रामदुलार ठसा बदलताना थांबला. "सेठ, साहब को पूछा?"

"पूछा."

"क्या बोले?"

"बोले हात मत लगाओ."

त्याने माझ्याकडे बघितलं. "तो?"

"तू लगा," मी म्हणालो.

सगळा माल छापला. उजव्या गोगलगायी एकामागून एक बाहेर पडत होत्या आणि मला कृतकृत्य वाटत होतं. असं कृतकृत्य वाटलं की सावध व्हावं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

तीन दिवसांनी अभ्यंकर आले. बरोबर मंजूर चित्राची पारदर्शक फिल्म. त्यांनी ती खोक्यावर ठेवली. नाव जुळलं, ओळ जुळली. मध्ये दोन गोगलगायी एकमेकींवर चढल्या.

"हे काय?"

"दुरुस्ती," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा पांढरा पडला. "म्हात्रे साहेब, तुम्ही हात लावलात?"

मग मी त्यांना पटवायला लागलो. पुरावा म्हणून कारखान्याच्या देव्हाऱ्यातला शंख आणला. तिथेच चुकलं. कारण भटजी शंख धरतात तोंडाकडची निमुळती चोच वर करून, आणि शास्त्रज्ञ धरतात वळणाचं टोक वर करून. त्यामुळे शास्त्रज्ञांचा उजवा तो भटजींचा डावा, आणि भटजींचा तो दुर्मीळ दक्षिणावर्ती शंख शास्त्रज्ञांचा डावा. हे मला माहीत होतं, पण समजावताना माझे हात उलटे झाले. अभ्यंकरांनी शंख घेतला, मान उजवीकडे केली, मग शंख फिरवला, मग स्वतःच फिरले. पॅकिंगच्या बायका काम सोडून भोवती जमल्या. त्यातली एक म्हणाली, "साहेब, भिंतीकडे तोंड करून बघा." तेही करून झालं. दुसरीने खोकाच उलटा केला. आता गोगलगाय छतावर चालायला लागली. रामदुलार गंभीरपणे म्हणाला, "साहब, मेरे हिसाब से तो दोनों तरफ से घोंघा ही है."

अर्ध्या तासाने अभ्यंकर खुर्चीत बसले, घाम पुसला, आणि मला आयुष्यभर पुरेल असं वाक्य बोलले.

"पटलं. तुमची गोगलगाय बरोबर आहे. पण खोका चुकीचा आहे. सगळा लॉट रिजेक्ट."

मला हसू आलं नाही. अठरा माणसं माझ्याकडे बघत होती. हातातून ऑर्डर गेली तर त्यातल्या निम्म्यांना मी पुढच्या महिन्यात काय काम देणार होतो? तीनशे कप्पे होते माझ्याकडे, पण त्यात कुणाचं घर चालत नव्हतं. मी अभ्यंकरांना बाजूला घेतलं आणि म्हटलं, चूक माझी, फक्त माझी. चार दिवस द्या.

"तीन," अभ्यंकर म्हणाले. मग जरा थांबून, "मी फोनवर 'कृपा करून' असं म्हणालो होतो हो."

त्या 'हो'ने मला फार लाज वाटली.

तीन दिवस कुणी सुट्टी घेतली नाही. कागदाची रिळं भिवंडीहून उसनी आणली. जुना ठसा परत चढला. मी मशीनच्या तोंडाशी उभा राहून एकेक खोका हातात घेत होतो, आणि प्रत्येकावर ती डावी गोगलगाय माझ्याकडे बघत जात होती. दुसऱ्या दिवशी रामदुलारने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सेठ, आप मत देखो. आप उधर गिनती करो." मृताच्या नातेवाइकाला बाजूला न्यावं तसं त्याने मला नेलं.

माल वेळेत गेला. ऑर्डर राहिली. आता प्रश्न उरला तो रिजेक्ट मालाचा. अभ्यंकर म्हणाले, कंपनीचं नाव काळं करा आणि मग काय वाटेल ते करा. पॅकिंगच्या बायकांनी ब्रश घेऊन नाव तेवढं रंगवून टाकलं. गोगलगाय आणि खालची ओळ तशीच राहिली. एवढे खोके घेणार कोण? मी टेम्पो भरून भुईगावला गेलो.

इनासकाकांनी खोका बघितला. "मी हिला मिठाने मारतो," ते म्हणाले, "आणि तू हिचा फोटो माझ्या वांग्यांवर लावतोस?"

"काका, फुकट आहेत."

"फुकट आहेत म्हणून काय झालं?" ते म्हणाले, आणि खोके उतरवायला लागले.

महिनाभर भुईगावची वांगी, दुधी आणि केळी माझ्या खोक्यांतून दादरला गेली. वर शास्त्रशुद्ध गोगलगाय, खाली 'दोन आठवड्यांत फरक जाणवेल'. व्हायचं ते झालं. गिऱ्हाइकांनी अर्थ काढला की ज्या भाजीवर गोगलगाय जगते त्या भाजीवर औषध मारलेलं नसणार. लोक 'गोगलगायवाली वांगी' मागायला लागले. खोके संपले तेव्हा इनासकाकांनी मला फोन करून, अतिशय रागाने, आणखी मागितले.

इथे गोष्ट संपली असती तर मी ती लिहिली नसती. शहाणपण माझ्याच बाजूला राहिलं असतं. पण तोच महिना संपता संपता अभ्यंकरांचा फोन आला.

"म्हात्रे साहेब, मी त्या दिवशी रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की पुरवठादाराची गोगलगाय शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे. पण मी ते पडताळलं नव्हतं. न पडताळता लिहिणं माझ्या स्वभावात नाही. मला ते टोचत होतं."

"मग?"

"आज आमच्या ऑफिसात ज्या मुलीने ते चित्र काढलं तिला विचारलं. सायली तिचं नाव. म्हटलं, तू चित्र पलटवलंस का? ती म्हणाली, नाही. तिने समोर बघून काढलंय. तिच्या बिल्डिंगच्या भिंतीवर पावसात असतात म्हणे. नालासोपाऱ्याला."

मी म्हणालो, शक्य नाही. फोन ठेवला आणि एक डावा, एक उजवा असे दोन खोके काखेत मारून फिलोमिना मॅडमकडे गेलो.

मॅडमनी चष्मा लावला. उजव्या खोक्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. डावा खोका जवळ ओढला, त्या गडद पट्ट्यावरून बोट फिरवलं.

"कुणी काढलं हे?"

"कंपनीतल्या एका मुलीने. उलटं आहे ना?"

"उलटं कसलं? ही आपल्याकडचीच. सह्याद्रीच्या पट्ट्यात, मुंबईच्या आसपास असते. मुळातच डावी, सगळीच्या सगळी जात डावी. हिला कुणी पलटवायला नको. तुला मी जे पुस्तक दिलं होतं त्यात हिचं पानभर चित्र आहे."

पुस्तक इंग्रजी होतं. माझ्याकडे ज्या गोगलगायी होत्या तेवढ्यांच्याच पानांवर मी खुणा केल्या होत्या. बाकीची पानं वाचली नव्हती. तेरा वर्षं मी जे मला सापडलं तेवढंच जग धरून चाललो होतो.

"क्रीमची गोगलगाय उजवी असते, तेवढं तुझं खरं," मॅडम मला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या. "पण त्या मुलीने समोर होतं ते काढलं. तू न बघता पुसलंस." मग त्यांनी खोका उचलून भिंतीला टेकवून ठेवला, फोटो लावतात तसा. "हा मी ठेवून घेते."

बसमधून घरी येताना मला फार वाईट वाटलं, खरं सांगतो. रिजेक्ट झालेल्या मालाचं नव्हे. एका मुलीने ऑफिसला जाताना, छत्री सांभाळत, भिंतीवरची गोगलगाय माझ्यापेक्षा नीट बघितली होती, आणि मी तिचं काम चूक म्हणून काढून टाकलं होतं.

पुढच्या रविवारी मी नालासोपाऱ्याला गेलो. अभ्यंकरही आले. पडताळणीला. सायली खाली वाट बघत होती, पंचविशीची, केसांना क्लिप लावलेली. मी आधी हात जोडले आणि माफी मागितली. ती गोंधळली. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

"म्हणजे माझं चित्र तुम्ही बदललं होतं? कशाला?"

"मला वाटलं तू चुकलीस."

"अहो काका, मी चार दिवस रोज बघून काढलं," ती म्हणाली. "ती हलते ना."

बिल्डिंगच्या मागे, दुसऱ्या बिल्डिंगला लागून, हातभर रुंद गल्ली. पाऊस सरत आला होता, पण भिंत अजून ओली आणि शेवाळलेली. सायलीने बोट दाखवलं. मला काही दिसेना. मी चष्मा पुसला, नाक भिंतीला लावलं. आणि मग दिसली. फिकट तपकिरी, पाठीवर एक गडद पट्टा, शंखाचं वळण स्वच्छ डावीकडे. शेजारी दुसरी. वर पाइपाच्या मागे आणखी तीन. मी ज्यांच्यासाठी डोंगर पालथे घातले असते, त्या इथे, वाळत घातलेल्या टॉवेलांच्या खाली, सांडपाण्याच्या पाइपाला धरून संसार करत होत्या. अभ्यंकरांनी खिशातून कॅलिपर काढला आणि श्वास रोखून एकीच्या शंखाचा व्यास मोजला. "डावी," ते कुजबुजले. "निःसंशय डावी."

आम्ही दोघं तसेच भिंतीकडे तोंड करून, पाय फाकवून, अगदी जवळजवळ उभे होतो. मागून खणखणीत आवाज आला.

"ओ काका! लाज वाटत नाही? शिकलेले दिसता! भिंतीवर काय लिहिलंय ते वाचता येत नाही?"

सोसायटीचे सेक्रेटरी. बनियन, लुंगी, हातात पाण्याचा पाइप. भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर खरोखरच लाल अक्षरांत लिहिलेलं होतं, आणि दंडही लिहिलेला होता. मी दचकून हात वर केले. अभ्यंकरांच्या हातात ते चकचकीत हत्यार बघून सेक्रेटरी एक पाऊल मागे सरले.

सायली हसून हसून वाकली होती. "अहो सेक्रेटरी काका, तसं नाहीये! हे खोकेवाले काका आहेत. आपल्या भिंतीवरची उलटी गोगलगाय बघायला आलेत."

"उलटी नाही," मी आणि अभ्यंकर एकदम म्हणालो.

सेक्रेटरींनी आमच्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. "इतकी वर्षं राहतोय इथे," ते म्हणाले. "कुठाय?"

त्यांनी पाइप खाली ठेवला, लुंगी आवरली, मला थोडं तिकडे सरकवलं, आणि आमच्या दोघांच्या मध्ये भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.